दारापलीकडचा तू

मास्तरांची बायको रोज सकाळी साडेपाच वाजता शिवणाच्या खोलीत शिरून दार लावून घेई आणि अर्धा तास दुसऱ्या कुणाशी तरी बोलत बसे. हे मास्तरांना गेली अकरा वर्षं ठाऊक होतं. तो कोण, हेही ठाऊक होतं. पण त्याला गाठून दोन शब्द सुनावावेत तर तशी सोय नव्हती. मास्तरांचा त्याच्यावर विश्वासच उरला नव्हता.

ज्याच्यावर विश्वास नाही त्याचा मत्सर करणं भल्याभल्यांना जमणार नाही. मास्तरांना छान जमलं होतं. गालभर दाढीचा फेस माखून, ब्रश हातात तसाच धरून ते त्या दाराबाहेर उभे राहत. न्हाणीघर तिथून चार पावलांवर होतं. बायकोने अवचित दार उघडलंच तर 'आरसा पुसायला फडकं शोधतोय' असं म्हणायची तयारी होती. अकरा वर्षांत ते वाक्य वापरायची वेळ एकदाही आली नाही. ती आधी खुर्ची सरकवल्याचा मोठा आवाज करी, मग खोकून घेई, मग सावकाश कडी काढी. तोवर मास्तर आरशासमोर. आपण किती सावध आहोत याचं त्यांना मनातून कौतुक वाटे.

हे मास्तर कुठल्या शाळेतले नव्हते. ते कवळ्या बनवत. दातांच्या दवाखान्याला लागूनच त्यांची लांबट खोली होती आणि मधल्या भिंतीत एक सरकती खिडकी होती. डॉक्टरीणबाई त्या खिडकीतून जबड्याचं माप आत सरकवत. मास्तर मापात प्लास्टर ओतत, वाळलेल्या साच्यावर मेण चढवत, मेणात एकेक दात रोवत. मग ते तोंडात बसवून बघितलं जाई आणि ठीक वाटलं की मेणाच्या जागी पक्कं गुलाबी ॲक्रिलिक येई. फळीवर ओळीने मांडलेले शेदोनशे जबडे, भुवयांपर्यंत चढलेली पांढरी धूळ आणि वितळलेल्या मेणाचा वास, असा सगळा संसार. पस्तीस वर्षांत गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचं हसू मास्तरांच्या हातचं झालं होतं.

कवळी बसली की नाही ते डोळ्यांना नव्हे, कानांना कळतं, असं मास्तर म्हणत. डॉक्टरीणबाई पलीकडे रुग्णाला आकडे म्हणायला लावत, मास्तर अलीकडून ओरडत, "आकडे राहू देत, 'सासू' म्हणायला सांगा!" कारण पुढच्या दातांमागे टाळूपाशी केसभर जाडी जास्त झाली की 'स'चा 'थ' होतो. वर्षभर तोंड मिटून बसलेल्या बायका 'सासू' हा शब्द असा काही ठणठणीत उच्चारत की अलीकडे मास्तरांना वेगळं काही तपासावंच लागत नसे. भिंतीआडून माणसाचा उच्चार पकडायचा, हीच त्यांची खरी कारागिरी. दाराबाहेर उभं राहायची तालीम त्यांना अशी धंद्यातच मिळाली होती.

'मास्तर' हे नाव पडलं ते चर्चच्या मंडळीतल्या रविवारच्या शाळेमुळे. वीस वर्षं त्यांनी तिथे मुलांना शिकवलं. नोहाचं तारू शिकवलं, दहा आज्ञा पाठ करून घेतल्या, मनात केलेली प्रार्थनासुद्धा देवाला ऐकू जाते हे समजावलं. देव स्वतःला ईर्ष्यावान म्हणवतो, त्याला दुसरा कुणी वाटेकरी चालत नाही, हेही शिकवलं. शाळा सुटली, विश्वास सुटला, नाव तेवढं राहिलं.

सुटलं कसं, तेही सांगायला हवं. ज्यांनी मास्तरांना हा धंदा शिकवला ते थोरले कारागीर वारले. मास्तरांचे वडील लवकर गेले होते. पोरक्या पोराला पोटाशी धरलं ते या माणसाने. देवाधर्माशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. "माझ्या हातून कुणाचा जबडा वाकडा होऊ नये, बाकी ज्याचं त्याने बघावं," एवढं म्हणत आणि तसंच वागत. त्यांना पोचवून आल्यावर पुढच्याच रविवारी शाळेत धडा आला तारणाचा. एका चुणचुणीत मुलीने हात वर केला. "मास्तर, तुमचे ते म्हातारे बाबा प्रभूला मानत नव्हते ना? मग ते आता कुठे असतील?"

उत्तर पुस्तिकेत छापलेलं होतं. मास्तरांनी ते दिलं. "नरकात." मुलीने वहीत लिहून घेतलं आणि महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारली. महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारायची, हेही तिला मास्तरांनीच शिकवलं होतं.

त्या दिवशी त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही. देवाचा राग आला असं नव्हे. स्वतःच्या तोंडाचा आला. ज्या हातांनी मला भाकरी मिळवायला शिकवलं, त्या हातांना मी एका शब्दात आगीत टाकलं, तेही एका पोरीपुढे उत्तर चुकू नये म्हणून? मग त्यांनी पवित्र शास्त्र पहिल्यापासून काढलं. शिकवण्यासाठी नाही, तपासण्यासाठी. तीन वर्षं ते वाचत होते. प्रभूला धरून देणारा शिष्य एका ठिकाणी गळफास घेऊन मरतो आणि दुसऱ्या ठिकाणी शेतात पालथा पडून. मास्तरांनी दोन्ही जागी कागदाच्या खुणा घातल्या आणि पाळकसाहेबांकडे गेले.

"दोन्ही खरं आहे, मास्तर," पाळकसाहेब म्हणाले.

"साहेब, वरचा नि खालचा जबडा जुळत नसला तर एकाचं माप चुकलेलं असतं. दोन्ही बरोबर असं आमच्यात होत नाही."

"विश्वासात माप घेत नाहीत, मास्तर."

"मग बिनमापाची कवळी चालेल का तुम्हाला?"

पाळकसाहेबांच्या तोंडात वरखाली दोन्हीकडे मास्तरांचंच काम होतं. त्यांनी विषय बदलला.

विश्वास गेला तो काही वीज कडाडून गेला नाही. एके दिवशी जीभ चाचपायला गेली तर जागा रिकामी लागली, इतकंच. एका रविवारी प्रभुभोजनाचा पेला रांगेतून हातात आला, तो ओठाला न लावता त्यांनी शेजारी बसलेल्या बायकोच्या हातात दिला. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं, आपला घोट घेतला आणि पेला पुढे केला. घरी येऊन चपला काढताना म्हणाली, "तुम्ही येणार नाही. मी जाऊ ना?"

"जा की. मी कोण अडवणारा?" मास्तर म्हणाले, आणि आपण किती मोठ्या मनाचे आहोत याचा त्यांना पुढे आठवडाभर आनंद झाला.

पण नवा नवा अविश्वासी नव्या नव्या भाविकाइतकाच डोकं खातो. लेकीचा ताप उतरला, बायको म्हणाली, "प्रभूची कृपा." मास्तर म्हणाले, "गोळ्यांची. पाच पोटात गेल्या, मोज." ती म्हणाली, "बस चुकता चुकता मिळाली, त्यालाच काळजी." मास्तर म्हणाले, "त्याला नाही, चालकाला. तो उशिरा निघाला." तिने सांगितलं की शेजारीण फार एकटी पडलीय, तर मास्तरांनी विचारलं, तुझा देव मग काय करतोय? असं सहा महिने चाललं. मग ती जेवताना मीठ पुरेसं आहे का एवढंच विचारू लागली, आणि मास्तरांना वाटलं, वाद संपला, आपण जिंकलो.

त्याच सुमारास शिवणाच्या खोलीचं दार लागायला लागलं. त्याआधी ती अंथरुणातच बसून, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत पुटपुटत असे; शेजारच्या उशीवरही ऐकू जात नसे. मास्तर मंडळीतून बाहेर पडले आणि हिचा आवाज चढला. मला डिवचायला, मास्तरांनी अर्थ लावला. आणि ते डिवचले गेले.

पहिल्या दिवशी ते उभे राहिले ते ऐकण्यासाठी नव्हे, रागाने. मग त्यांच्या कानावर तो शब्द पडला. "तू तर सगळं जाणतोस. तू जरा लेकीकडे बघ. तू असलास की मला कसलं भय नाही." तू! मास्तरांना तो शब्द बोचला.

कारण मास्तरांना ती 'अहो' म्हणे. घरात सगळ्यांना तू. लेकीला तू, शेजारणीला तू, खिडकीत येणाऱ्या मांजरालासुद्धा तू. 'तुम्ही' तेवढे मास्तर, पाहुण्यासारखे. आणि नेहमीच असं होतं असंही नाही. लग्नाआधी दोघं मंडळीच्या गायनात होती. मास्तर सूर चुकवत, ती मागच्या रांगेतून कुजबुजे, "तू खाली उतरलायस, वर ये." त्या 'तू'साठीच मास्तर कित्येकदा मुद्दाम खाली उतरत. लग्न झालं, मास्तरांच्या आईने चारचौघांत एकदा "आमच्यात नवऱ्याला अरेतुरे करत नाहीत" असं म्हटलं आणि तो शब्द त्या घरातून गेला. आई जाऊनही आता पंधरा वर्षं झाली. मला पुन्हा तू म्हण, असं मास्तरांना कधी सांगता आलं नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाने हे मागायचं कसं? आणि इथे हा दुसरा, एका पैशाची कवळी न बनवता, एक दिवस भाजीची पिशवी न उचलता, रोज अर्धा तास 'तू' घेऊन बसला होता.

त्यांनी जाणं बंद करायला हवं होतं. पण व्यसन लागलं. घरातलं सगळं त्या दाराआडूनच कळे. तिचा उजवा गुडघा जिना चढताना दुखतो, हे तिने त्याला सांगितलं, नवऱ्याला नाही. मास्तर फणफणले, दिवसभर कुणाशी धड बोलले नाहीत आणि संध्याकाळी गुडघ्याचा पट्टा घेऊन आले. "दुकानात दिसला," म्हणून टेबलावर टाकला. दुसऱ्या दिवशी दारापलीकडून आवाज आला, "प्रभू, तुझे उपकार. पट्टा पाठवलास. मापही बरोबर पाठवलंस." मास्तरांच्या गालावरचा फेस थरथरला. पट्टा आणला कुणी? तीन दुकानं फिरलं कोण? आणि नाव कुणाचं लागलं!

असंच चाललं. तिला शिवणयंत्राशी अंधूक दिसतं हे कळलं, मास्तरांनी दिवा बदलला, श्रेय तिकडे. तिला बहिणीची आठवण येते हे कळलं, मास्तरांनी बहिणीला फोन करून बोलावून घेतलं, आभार तिकडे. आपल्या पाठीवर दुसऱ्याचं घर उभं राहतंय असं त्यांना वाटे. आणि तोंड उघडायची चोरी, कारण उघडलं तर दाराबाहेर उभा असतो हे कबूल करावं लागणार.

गेल्या वर्षी तिच्या हिरड्या खराब झाल्या. वरचे उरलेले सहा दात डॉक्टरीणबाईंनी काढले. जखमा भरेपर्यंत ती तोंडाशी रुमाल धरून वावरली, मऊ शिजवलेलं गिळत राहिली, पण सकाळचं दार चुकलं नाही. बोबडं बोलणं तिथेही चालूच होतं. त्याला बोबडंही चालतं, मास्तर मनात म्हणाले. माझ्यापुढे मात्र रुमाल.

"तुझी कवळी मी स्वतः करणार," त्यांनी जाहीर केलं.

"मग दुसरं कोण करणार?" ती म्हणाली.

मास्तरांनी जीव ओतला. तिचे लग्नातले फोटो काढून पुढच्या दोन दातांमधली ती किंचित फट शोधली आणि तश्शीच ठेवली. मेणातली कवळी डॉक्टरीणबाईंनी तोंडात बसवून बघितली. 'सासू' स्वच्छ आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मास्तर, हे तुमचं सगळ्यात चांगलं काम."

मेणातली कवळी परत मास्तरांच्या टेबलावर आली. आता फक्त पक्की करायची होती. दुपारची वेळ, दवाखान्यात कुणी नव्हतं. मास्तर त्या कवळीकडे बघत बसले आणि त्यांच्या मनात आलं, उद्या या दातांमागे जीभ टेकेल आणि 'तू' म्हणेल. मी केलेल्या दातांमागे. त्याला. पट्टा दिला, दिवा दिला, बहीण दिली, आता 'तू'सुद्धा मीच घडवून द्यायचा?

त्यांनी मेणाचा एक तुकडा दिव्यावर धरला आणि पुढच्या दातांच्या मागे, टाळूच्या बाजूला, फासला. दीड मिलिमीटर. कवळी मजबूत होईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पस्तीस वर्षांच्या कारागिराने स्वतःला सांगितलेली ती सगळ्यात कच्ची थाप होती.

पक्की कवळी बसली तेव्हा पलीकडून 'थाथू' ऐकू आलं. डॉक्टरीणबाई घोटाळल्या. पण मास्तरांचं काम, तेही स्वतःच्या बायकोचं. त्यात चूक कोण शोधणार? "नवीन आहे, सवय होईल," त्या म्हणाल्या. मास्तरांनीही खिडकीतून मान हलवली. "होईल सवय."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला दार लागलं. मास्तर फेस लावून तयारच होते.

"हे प्रभू," ती म्हणाली. मग जरा थांबली. "थू—"

पुन्हा शांतता. तिने परत प्रयत्न केला. "थू थर—" आणि गप्प झाली.

मास्तरांनी ब्रश तोंडात कोंबून हसू दाबलं. तू म्हणायला गेली नि थू झालं! देवाच्या तोंडावर थू! इतकं नेमकं तर त्यांनीही ठरवलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी दाढी करताना शीळ घातली.

ती मात्र भाविक बाई. ज्याला आयुष्यभर तू म्हटलं त्याला थू म्हणणं तिच्याने होणार नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून दार लागे, अर्धा तास लागलेलं राही आणि आतून एक शब्द येत नसे. मास्तर चार दिवस जिंकल्यासारखे वावरले. पाचव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की पाच दिवसांत आपल्याला घरातलं काहीही कळलेलं नाही. गुडघा कसा आहे? शेजारीण दवाखान्यात गेली होती तिचं काय झालं? लेकीचं नि जावयाचं बिनसलंय, एवढं दाराआडून कळलं होतं, पुढे? जेवताना बायको मानेनेच हो-नाही करी. विचारायचं तर काय म्हणून विचारायचं? तुम्हाला कसं कळलं, असं म्हणाली तर?

दहा दिवस झाले, पंधरा झाले. मास्तरांना घरात बहिऱ्यासारखं वाटू लागलं. आणि मत्सर कमी होईल म्हणावं तर तो दुप्पट झाला. आधी निदान दोघांमधलं ऐकू तरी येत होतं. आता ती दोघं आत काय बोलतात तेच कळेना.

एका शनिवारी दुपारी लेक दोन मोठ्या पिशव्या घेऊन दारात उभी राहिली. मास्तर बघतच राहिले.

"असे काय बघताय बाबा? येणार होते ना मी आज. आता काही महिने इथेच."

"इथेच म्हणजे? जावई?"

"म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नाही?" लेकीने पिशवी खाली ठेवली. "आई तर नेहमी म्हणते, बाबांना वेगळं सांगावं लागत नाही. सकाळी त्यांच्या कानावर जातंच."

मास्तर खुर्चीवर बसले. खुर्ची सरकवणं, खोकणं, सावकाश कडी काढणं. अकरा वर्षं ते स्वतःला सावध समजत होते.

लेक आत जाऊन पडली. बायको स्वयंपाकघरात नळाखाली कवळी धूत होती. मास्तर मागे जाऊन उभे राहिले.

"अगं, दे ती इकडे. मागे जरा जाड राहिलीय."

तिने वळून बघितलं. तोंड दातांशिवाय बसलेलं, पण डोळे चांगले धारदार. "राहिलीय, की ठेवलीय?"

मास्तरांना खोटं सुचलं होतं, पण जीभ वळली नाही. "ठेवली."

"का?"

"तू त्याला तू म्हणतेस म्हणून." बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. "मला एकतीस वर्षं अहो नि त्याला तू! सगळं त्याला सांगतेस. गुडघा त्याला, लेक त्याला, बहीण त्याला. मी मेलो होतो का? मी करायचं नि आभार त्याचे!"

तिने नळ बंद केला. कवळी त्यांच्या हातात ठेवली आणि बोबड्या तोंडाने, पण एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुम्हीच शिकवायचात ना पोरांना? मनातलंसुद्धा त्याला ऐकू जातं म्हणून? मग मोठ्याने बोलायची मला काय गरज होती? मी अकरा वर्षं घसा कोणासाठी फोडत होते?"

मास्तर कवळीवरचं पाणी बाहीने पुसू लागले.

"तुमच्याशी समोर बसून बोलायची सोय ठेवली होती का तुम्ही? काही सांगितलं की वाद. ताप उतरला तरी वाद, बस मिळाली तरी वाद. दाराआडून सांगितलं तर मात्र संध्याकाळपर्यंत काम झालेलं असायचं." ती रुमालाने हात पुसू लागली. "म्हटलं, असं तर असं."

मास्तर तिथून निघाले, दवाखान्याशेजारच्या आपल्या खोलीत गेले आणि मोटर सुरू करून त्यांनी ती जाडी घासून काढली. दहा मिनिटांचं काम होतं. मग पॉलिश करत उगाचच तासभर बसले. ज्याचा हेवा केला ते सगळं आपल्यासाठीच होतं, आणि ते आपणच आपल्या हातांनी बुजवलं, हे त्यांना सोसवेना. संध्याकाळी तिने कवळी बसवली. "सासू," ती म्हणाली. स्वच्छ. लेक हसली. मास्तर हसले नाहीत. ते उद्याच्या साडेपाचची वाट बघत होते.

साडेपाचला दार लागलं. मास्तर येऊन उभे राहिले, आज फेस नाही, ब्रश नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आतून चकार शब्द नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मास्तरांनी त्या दारावर टकटक केली.

"काय हो?" आतून आवाज आला.

"नीट बसलीय ना कवळी?"

"छान बसलीय."

"मग बोल की मोठ्याने."

"आता नाही जमायचं." तिचा आवाज रागावलेला नव्हता. "तेव्हा मी त्याच्याशी खरंच बोलायचे, फक्त तुम्हाला ऐकू जाईल असं. आता मी कोणाला ऐकवतेय ते तुम्हालाही माहीत झालं. आता ते सोंग होईल. त्याच्यापुढे मी सोंग करत नाही. तुम्हाला काय हवं ते मला विचारत जा, मी सांगेन. फक्त वाद घालू नका."

मास्तर दाराला कपाळ टेकून उभे राहिले. विचारायला पुष्कळ होतं. पण एकच गोष्ट इतकी वर्षं आत रुतून बसली होती, तीच तोंडातून बाहेर पडली.

"माझं नाव कधी काढलं नाहीस. शेजारणीसाठी मागितलंस, डॉक्टरीणबाईंच्या आईसाठी मागितलंस, त्या मांजरासाठी मागितलंस. माझ्यासाठी एकदाही नाही. मी रोज ऐकायचो."

आत खुर्ची दाराकडे सरकली.

"रोज मागायचे," ती म्हणाली. "ते तेवढं मनातल्या मनात. मोठ्याने कसं मागणार? तुम्ही दाराशी उभे असायचात."

मास्तरांना ते ऐकून बरं वाटलं, आणि त्याच क्षणी तो जुना मत्सरही जागा झाला. म्हणजे त्याला माहीत होतं. अकरा वर्षं, रोज, ती आपल्याविषयी काय बोलते ते त्याला ऐकू जात होतं आणि आपण एका फळीच्या अंतरावर ठार बहिरे उभे होतो.

"काय मागायचीस?"

"ते त्याचं नि माझं."

"मला नाही सांगणार?"

ती आत एकदा खोकली. मग म्हणाली, "थांबा जरा. त्याला विचारून सांगते."

मास्तरांच्या ओठांवर उत्तर तयार होतं. ज्याला विचारायचं तो असायला तर हवा, असं काहीतरी. ते त्यांनी गिळलं. आत पुन्हा सगळं शांत झालं, आणि मास्तर त्याच्या उत्तराची वाट बघत दाराबाहेर उभे राहिले.